तुझ्या मशीनपुरतं एक वाक्य

रविवार, १४ जानेवारी

भिंगरी,

आशीर्वाद वगैरे लिहिणार नाही, मी रागावलेली आहे. बाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, काय सांगायचं ते कागदावर लिही आणि माझ्या पत्त्यावर टाक, मी पुढे पोचवेन. तिचा पत्ता मात्र मला विचारू नकोस. शाळेत फळ्यावरचं उतरवून घेतलं नाही की ज्या आवाजात बोलायच्या, त्याच आवाजात बोलल्या. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी मी फोन धरून उभीच राहिले.

तुझा निरोपही मिळाला. जोवर तो आपल्या घरात येतो तोवर ताईशी बोलणार नाही. ठीक. माझे मेल तू अडवलेस तेही माझ्या लक्षात आलंय, पाठवला की आल्या पावली परत येतो. त्याचे मात्र येऊ देतेस, कारण वकीलबाईंनी सांगितलंय की त्याचं एकही पत्र पुसू नकोस, केसमध्ये लागतील. म्हणजे नवऱ्याला दार उघडं आणि सख्ख्या बहिणीला बंद. शाबास!

तो येतो तो माझ्यासाठी येत नाही, आईसाठी येतो. रविवारी तिची गुडघ्याची औषधं घेऊन येतो, पायांपाशी स्टूल ओढून बसतो, "कसं वाटतंय?" म्हणतो. आई त्याला अजून जावईबापूच म्हणते. तुझी बोटं टेबलाच्या खणात चेंगरली ती तुझं लक्ष नव्हतं म्हणून, असं त्याने सांगितलं आणि आईने ऐकलं. विम्याचे दावे तपासणारा माणूस, अपघात कसा सांगायचा हे त्याला कोणी शिकवायला नको. मी आईशी भांडून पाहिलं. ती म्हणाली, "अगं, वाईट माणूस दर रविवारी कशाला येईल?" तिच्या घरात तिच्या पाहुण्याला मी बाहेर काढू का?

आजही आला होता. दहा मिनिटं टेकला आणि गेला.

माझं म्हणशील तर कामातून मान वर करायला फुरसत नाही. तुझ्या लॅपटॉपवर मी जो मेलचा प्रोग्राम घालून दिला होता, त्याची नवी आवृत्ती निघतेय. आपल्या भाषेतलं त्याचं प्रत्येक बटण, प्रत्येक खिडकी मीच बोलती करते, हे तुला माहीत आहे, आणि माझ्या शब्दांना तू किती नावं ठेवायचीस तेही माझ्या लक्षात आहे. या खेपेला तिन्ही प्रकारच्या मशीनवर, म्हणजे कम्प्युटर चालवणाऱ्या तिन्ही प्रणालींवर, एकदम काढायचंय. जगभरची ती नेहमीची, पैसेवाल्यांची ती चकचकीत, आणि तुझ्यासारख्या हट्टी लोकांची ती फुकटातली. तिघींचे तीन सासुरवास. एकीला बटणं या क्रमाने लागतात, दुसरीला उलट. त्यात मूळ भाषेत टिचभर जागेत मावणारं आपल्या भाषेत ओळभर होतं. खिडक्या बनवणारा आमच्याकडे एक आहे, त्याला सगळे खिडकीवालाच म्हणतात. तो रोज माझ्या टेबलापाशी येऊन उसासे टाकतो. "ताई, तुमच्या भाषेला जरा डाएटवर ठेवा."

जेवत जा वेळेवर. मी रागावलेली आहे हे विसरू नकोस.

ताई


रविवार, २१ जानेवारी

भिंगरी,

मागच्या पत्रात मी दहा मिनिटं लिहिलं होतं. जेवून गेला तो. आजही जेवला. आईने वाढलं, मी पानं उचलली. मला तुझ्यापासून काही लपवायचं नाहीये, पण लिहिताना हात अडतो खरा.

आज त्याने माझ्या कामाबद्दल विचारलं. आपल्या घरात माझ्या कामाबद्दल कोण विचारतं सांग. आई लोकांना सांगते, मोठी कम्प्युटरवर टायपिंग करते. त्याने नीट विचारलं, मध्ये न बोलता ऐकलं, आणि मी बोलत सुटले.

पोचपावतीचा विषय निघाला. तुला कदाचित ठाऊक नसेल म्हणून सांगते. मेल पाठवणाऱ्याला पोचपावती मागता येते. मागितली असली की वाचणाऱ्यापुढे एक खिडकी येते: पत्र उघडल्याचं पाठवणाऱ्याला कळवायचं का? खाली 'कळवा' आणि 'नको' अशी दोन बटणं. आपल्या भाषेत तो प्रश्न इतका ऐसपैस होतो की फुकटातल्या मशीनच्या लहान पडद्यांवर बटणं खिडकीच्या बाहेर पडायची. माणूस प्रश्नात अडकून बसायचा, ना हो म्हणता येतंय ना नाही. तक्रारी आल्या. मी वाक्य कातरून कातरून थकले, तेव्हा गेल्या महिन्यात खिडकीवाल्याने एक घाव दोन तुकडे केले. आपली भाषा आणि ते मशीन असेल तर विचारायचंच नाही, शेवटचं बटण दाबलं असं धरून चालायचं. शेवटचं बटण म्हणजे 'नको'. कोणाला त्रास नाही, कोणाची तक्रार नाही. दुरुस्ती सगळ्यांकडे पोचलीही, तुझ्याकडेसुद्धा.

हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे विचारल्याशिवाय पावती जातच नाही?"

"छे! आणि भिंगरीच्या मशीनवर तर विचारतही नाही. सरळ नको."

"असं होय," म्हणाला. घास हातातच होता. मग म्हणाला, "पावतीत काय काय लिहिलेलं असतं, ताई?"

मी म्हटलं, काय असायचंय, हो, उघडलं, या वेळी उघडलं, एवढंच. बाकी सगळं यंत्रांनी यंत्रांशी बोललेलं, माणसाने वाचायचं नसतं. तो हसला. हसला म्हणजे छान हसला, आईलाही हसू आलं.

तुला वाटेल ताई पाघळली. पाघळले नाही. पण दोन तास कोणी आपलं ऐकून घेतं तेव्हा बरं वाटतं, ते मी का नाकारू? तू एका ओळीचं उत्तर दिलं असतंस तर मला त्याच्याशी बोलायची गरज पडली नसती.

ताई


रविवार, ४ फेब्रुवारी

भिंगरी,

आज मात्र तू कमाल केलीस.

तो आला तो खुशीत. आईला म्हणाला, "काळजी करू नका, ती बरी आहे. हल्ली सकाळी लवकर उठते." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी भांडी तशीच टाकून बाहेर आले आणि विचारलं, तुम्हाला कसं माहीत?

"माझी पत्रं वाचते ना ती. सकाळी उठल्या उठल्या वाचते. आपल्याकडे तेव्हा चांगली दुपार असते."

"उत्तर देते?"

त्याने स्टूल आईजवळ ओढलं. "तिच्या पद्धतीने देते."

म्हणजे त्याला उत्तर आहे. त्याला तुझी सकाळ केव्हा होते ते माहीत आहे. मला काय माहीत आहे? तू डोंगरात आहेस की समुद्राकाठी, थंडी आहे की उकाडा, तुझ्या बोटांना पेन धरता येतंय की नाही, काही काही माहीत नाही. आणि तरी मी बाईंच्या पत्त्यावर कागद टाकत बसते. तुझ्यासाठी मी आईशी भांडले. तुझी बोटं दवाखान्यात कोणी धरली होती? त्याने की मी?

तुला परत जायचंय का त्याच्याकडे? तसं असलं तर सांग बाई एकदा. मी आपली उगीच जीव जाळत बसले आहे.

तो आज खूप वेळ बसला. तू कुठल्या तऱ्हेच्या घरात राहत असशील यावर आईशी गप्पा मारत होता. "चढण असेल का हो तिला? नकाशे काढायच्या कामाला तिला वाचनालयाजवळ बरं पडत असेल." आई म्हणाली, असेलही. मी आत निघून गेले. मला ऐकवेना, इतका राग आला होता तुझा.

राग अजून आहे.

ताई


बुधवार, ७ फेब्रुवारी

भिंगरी,

रविवारचं पत्र फाडून टाक. ते तुझ्यापर्यंत पोचलं असेल तर. पोचलं नसेल हे आता मला माहीत आहे, ते पुढे लिहिते. आधी हे वाच. त्याचं कुठलंही पत्र उघडू नकोस. त्यावर नुसतं बोट ठेवलंस तरी ते उजवीकडे आपोआप उघडतं, म्हणून प्रोग्रामच उघडू नकोस. आणि तिथून नीघ.

आज सकाळी आमच्या तपासनीस बाईंनी मला हाक मारली. नव्या आवृत्तीची परीक्षा त्या घेतात. मोजकं बोलतात आणि बोलल्या की कोणाचं तरी काम वाढतं. त्यांच्यापुढे दोन मशीनं होती. एकावरून त्यांनी पोचपावती मागून पत्र पाठवलं, दुसऱ्या, फुकटातल्या मशीनवर आपल्या भाषेत ते उघडलं. प्रश्न आला नाही. आणि पहिल्या मशीनवर टिंग वाजलं. पावती आली होती.

"हे असं व्हायला हवंय का?" त्यांनी विचारलं.

मी खिडकीवाल्याला बोलावलं. त्याने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. बाकीच्या मशीनवर 'नको' शेवटी असतं. तुझ्या मशीनची रीतच उलटी, तिथे 'कळवा' शेवटी असतं. तीन मशीनवर काम करणाऱ्याला हे झोपेतही माहीत असतं. त्यालाही माहीत होतं, मलाही. पण त्याने 'शेवटचं बटण' असं लिहिलं आणि मी ते वाचून बरं म्हटलं, कारण आम्ही दोघंही नेहमीच्या मशीनसमोर बसलो होतो. म्हणजे आमच्या दुरुस्तीपासून तू त्याचं प्रत्येक पत्र उघडलंस की तुझ्या मशीनने तुला न विचारता त्याला सांगितलं, उघडलं. एवढंच नाही. मी त्याला जे बेफिकिरीने म्हटलं होतं, यंत्रांनी यंत्रांशी बोललेलं, त्यात तिकडचं घड्याळ असतं आणि पावती कुठल्या जोडणीवरून निघाली त्याचा आकडा असतो. त्या आकड्यावरून गाव कळतं. जोडणी एखाद्या वाचनालयाची असली तर वाचनालयाचं नावसुद्धा कळतं.

त्याने आईला वाचनालय म्हटलं होतं, ते कानात वाजायला लागलं. तो अंदाज करत नव्हता. त्याला माहीत होतं आणि आईच्या तोंडावर काही दिसतंय का ते तो बघत होता. आणि २१ तारखेला जेवताना त्याने मला विचारलं तेव्हा पावत्या त्याच्याकडे यायला लागल्या होत्या. हे कशामुळे येतंय, कधीपर्यंत येत राहील, एवढंच त्याला माझ्याकडून हवं होतं. मी मात्र माझ्या हुशारीवर खूश होते.

खिडकीवाल्याने दुरुस्ती लगेच केली. पण आता ती करून काय उपयोग, त्याला मिळायचं ते मिळून गेलंय.

तुला मेल केला, परत आला. नव्या नावाने पत्ता काढून केला, तोही आला. तू ओळखीचे चार पत्ते सोडून सगळ्या जगाला अडवलंयस. शाळेच्या बाईंना फोन केला. शेजारणीने उचलला. बाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे गेल्यात, महिनाभर येणार नाहीत. मुलीचा नंबर तिच्याकडे नाही. वकीलबाई कोण, ते तू मला कधी सांगितलंच नाहीस. "पेटी पत्रांनी भरलीय हो," म्हणाली. ती माझीच पत्रं. हेही तिथेच जाऊन पडणार. तरी लिहितेय, कारण हात स्वस्थ बसत नाहीत.

चौकीवर गेले. हवालदाराने विचारलं, बहीण राहते कुठे? म्हटलं, परदेशात, कुठे ते माहीत नाही. "मग आम्ही जायचं कुठे, बाई?" त्याचंही चूक नव्हतं.

घरी आले तर आई म्हणाली, "जावईबापू या रविवारी येणार नाहीत. कामानिमित्त लांब जायचंय म्हणाले. आपली ती मोठी बॅग घेऊन गेले."

ताई


शुक्रवार, ९ फेब्रुवारी

भिंगरी,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. पण जे केलंय ते कुठेतरी तुला सांगून ठेवायला हवं.

काल दिवसभर मी एकच विचार करत होते. तुझ्यापर्यंत जाणारी कुठलीच वाट माझ्याकडे उरली नाही. मेल नाही, फोन नाही, टपाल नाही. आणि मग शब्दांची फाइल उघडली, रोज उघडते तशीच, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तू रोज सकाळी माझेच शब्द वाचतेस की. 'आलेली पत्रं', 'नवं पत्र', 'उत्तर द्या'. तू माझ्याशी बोलत नाहीस, पण सकाळपासून मी तुझ्याशी बोलत असते.

आमच्या फाइलीत एक सोय आहे. काही वाक्यांना मशीनप्रमाणे वेगवेगळी रूपं द्यावी लागतात, कारण एका मशीनवर जे 'पर्याय' ते दुसऱ्यावर 'पसंती'. तेव्हा लिहिता येतं की अमुक मशीन असेल तर हे दाखव, नाहीतर ते. प्रोग्राम अद्ययावत झाला की पहिल्यांदा उघडताना वर एक पिवळी पट्टी येते, नवीन काय आहे ते सांगणारी. मी त्या वाक्याला दोन रूपं दिली. बाकी सगळ्यांना नेहमीचं. त्यालाही नेहमीचंच, कारण तोही आपल्या भाषेतच वापरतो, मीच घालून दिलाय, पण त्याचं मशीन नेहमीचं. आणि आपली भाषा, फुकटातलं मशीन, असं असेल तर हे:

"भिंगरी, त्याला तुझं गाव कळलंय. पत्रं उघडू नकोस. आजच नीघ. ताई."

पट्टी लहान आहे. अख्ख्या नोकरीत मी आखूड लिहा, आखूड लिहा हेच ऐकलं. एवढं आखूड मी कधी लिहिलं नव्हतं.

खिडकीवाल्याला सांगितलं नाही, त्याला मुलंबाळं आहेत, नोकरी हवी आहे. पण तपासनीस बाईंच्या हाताखालून गेल्याशिवाय काहीच बाहेर पडत नाही. त्या प्रत्येक भाषा प्रत्येक मशीनवर उघडून बघतात. दुपारी त्यांनी बघितलं. मी माझ्या जागेवरून बघत होते. त्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग उठून माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, संपलं.

त्यांनी विचारलं, "धाकटी?"

मी मान हलवली.

"तुझ्या बहिणीच्या मशीनवर आपल्याकडून निघालेलं पोचायला उशीर लागतो. मधले लोक गठ्ठा बांधून मग पुढे धाडतात. दुरुस्ती सुरक्षेची आहे असं लिहू या, म्हणजे थांबवून ठेवणार नाहीत." आणि जाता जाता म्हणाल्या, "सुरक्षेचीच आहे."

संध्याकाळी निघालं. मला रडू आलं ते तिथेच, सगळ्यांसमोर. खिडकीवाल्याला वाटलं कामाच्या ताणाने. त्याने पाणी आणून दिलं.

आता तू सकाळी लॅपटॉप उघडायला हवास, आणि तो तिथे पोचायच्या आधी उघडायला हवास. एवढंच उरलंय.

ताई


मंगळवार, १३ फेब्रुवारी

भिंगरी,

काही कळत नाही. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते आता कळलं.

रविवारी तो आला नाही. आई दाराकडे बघत होती. मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, पावत्यांचं, वाचनालयाचं, बॅगेचं. या वेळी भांडले नाही, नुसतं सांगत गेले. ती बोटांवर बोटं ठेवून बसली. मग गुडघे धरत उठली, त्याने आणलेल्या औषधाच्या बाटल्या फळीवरून एकेक काढल्या आणि कचऱ्याच्या डब्याशेजारी नेऊन ठेवल्या.

"मला दुसऱ्या दुकानातून आणून दे," म्हणाली.

मग म्हणाली, "मी त्याला तिच्या लहानपणीचं सगळं सांगितलं गं. कुठे लपायची तेसुद्धा." आणि तिने पदराने तोंड झाकलं. मला तिला जवळ घ्यायला हवं होतं. घेतलं, पण उशिरा.

ऑफिसात काल एक तक्रार आली. कुठल्या तरी गावचे निवृत्त गृहस्थ, तुझ्यासारखंच मशीन, आपली भाषा. तशी तू एकटीच नाहीस, हे घाईत मी विसरलेच होते. त्यांनी लिहिलंय: "आपल्या नव्या आवृत्तीत एक मजकूर दिसला. मी भिंगरी नाही. पट्टी बंद केली, पण मन लागत नाही. ती निघाली का, हे कृपया कळवावे." तक्रार साहेबांकडे गेली. साहेबांनी मला आत बोलावलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, हो, मी लिहिलंय. त्यांनी विचारलं, तपासणीत कसं सुटलं? मी म्हटलं, मी नंतर घुसवलं. खोटं बोलले आणि एकदाही पापणी लवली नाही. नोकरी जाणार आहे. चौकशी होईल, मग जाईल. साहेब वाईट नाहीत. शेवटी त्यांनीही हळूच विचारलं, "निघाली का?"

काय सांगू, भिंगरी? या मजकुराची पोचपावती मागायची सोय नाही. वाचलास की नाही हे मला कोणी सांगणार नाही. मी केलेली सगळ्यात चांगली खिडकी, आणि तिच्यातून मला काही दिसत नाही.

तिकडे तो पोचला असेल. तो घाई करत नाही. दावा तपासायला गेला की आधी समोरच्या दुकानात बसतो, चहा घेतो, घराकडे कोण येतं जातं ते बघतो, असं त्यानेच एकदा कौतुकाने सांगितलं होतं. तेव्हा आपण सगळे हसलो होतो, तूही.

भिंगरी, उघड ना लॅपटॉप.

ताई


शुक्रवार, १६ फेब्रुवारी

माझ्या भिंगरी,

आज दुपारी त्याचा फोन आला. नाव बघितलं. आई समोर होती. मी फोन उचलला.

"ताई." तोच मऊ आवाज. मागे वारा वाहत होता, कुठेतरी उंचावर उभा असावा. "ताई, घर रिकामं आहे."

मी आईला हाताने खूण केली, बोलू नकोस.

"गादी आहे. टेबल आहे. भांडी धुऊन पालथी घातलीत. मालकीणबाई म्हणाली, शनिवारी सकाळी निघून गेली. आठवड्याचा किराणा आदल्या दिवशीच भरला होता तिने. एवढी काय घाई होती हो तिला, ताई?"

शनिवारी सकाळी! आमचं शुक्रवारी संध्याकाळी निघालं. म्हणजे तुझ्याकडे रातोरात पोचलं आणि तू उठल्या उठल्या उघडलंस. वाचलंस, आणि माझ्यावर विश्वास ठेवलास. रागावलेली असूनही ठेवलास. भिंगरी, आईने माझ्या फोनखाली आपला हात धरला.

"कुठे गेली ती?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत असतं, ताई. तुम्ही बोलता मला सगळं."

"मला माहीत नाही," मी पुन्हा म्हटलं, आणि ते इतकं खरं होतं की मला हसू फुटेल असं वाटलं.

तो मग म्हणाला, "बरं. आपण निवांत बसून बोलू. उद्या दुपारी पोचतो मी. आईंना सांगा, त्यांची औषधं आणतोय."

आईला मी आजच मावशीकडे पोचवलं. जायला तयार नव्हती. "मी त्याच्या तोंडावर थुंकेन, मग जाईन," म्हणाली. कशीबशी गाडीत बसवली. चौकीवर पुन्हा गेले. या वेळी पत्ता विचारला तेव्हा आपला सांगितला. हवालदाराने लिहून घेतलं, चक्कर मारू म्हणाला. तपासनीस बाई उद्या सकाळपासून माझ्याकडे येऊन बसणार आहेत, आतल्या खोलीत. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "साक्षीला कोणीतरी लागतं. माझं कामच बघत बसायचं."

मावशी म्हणते, तूही निघून ये, कुलूप लाव, त्याला बंद दारासमोर उभा राहू दे. मीही संध्याकाळपर्यंत तेच ठरवलं होतं. कपडे पिशवीत भरले होते. मला भीती वाटते, तुला खोटं कशाला सांगू, खूप भीती वाटते. आता तो साळसूदपणा करणार नाही, करायची गरज उरली नाही.

पण बंद दार बघून तो इथे दहा मिनिटं उभा राहील आणि मग तुझ्या मागावर निघेल. शनिवारी निघालेली बाई किती लांब गेली असेल याचा हिशेब त्याला चांगला करता येतो. म्हणून मी पिशवी रिकामी केली. हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, आणि ते तसंच राहू दे, मला कधीच कळवू नकोस.

उद्या तो आला की मी दार उघडणार आहे. बसा म्हणणार आहे. विचारेल तेवढं बोलणार आहे, रागावेल तेव्हा रागावू देणार आहे. तो इथे माझ्यासमोर असेल तेवढा वेळ तो तुझ्या मागे नसेल.

तू थांबू नकोस.

ताई